आंतरराज्य ताबा-वाद आणि सावत्र पालकाचे दत्तकविधान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या भाचीचे पहिले लग्न हुबळीला झाले आणि ते टिकले नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात तिथल्या न्यायालयाने मुलीचा ताबा आईकडे दिला आणि वडिलांना सुट्टीत भेटीचा हक्क ठेवला. पुढे भाची नोकरीसाठी पुण्यात आली, तिथेच तिने दुसरे लग्न केले. मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षे ज्यांचे बोट धरून ती शाळेत जाते त्या गृहस्थांनी तिला रीतसर दत्तक घ्यावे, असे घरात ठरले. त्याप्रमाणे अर्ज केला आणि त्याच सुमारास वडिलांनी हुबळीच्या न्यायालयात ताब्याच्या आदेशात बदल मागितला. दत्तकाचा अर्ज त्या दिवशी जो थांबला तो अजून थांबलेलाच आहे.

मी तालुका न्यायालयात तीस वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे तारखांची मला सवय आहे. पण या प्रकरणात अडचण तारखांची नसून कायद्यातील एका रिकाम्या जागेची आहे आणि आंतरराज्य विवाह सर्रास होत असताना तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून हे पत्र.

बाल न्याय अधिनियमातील 2021 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 सप्टेंबर 2022 पासून, दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सावत्र पालकाच्या दत्तकासाठी जन्मदात्या पालकांची संमती लागते, आणि मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरू करता येत नाही. हा नियम योग्यच आहे. ज्या मुलीच्या ताब्याचा वाद उभा आहे तिचे वडील कागदोपत्री परस्पर बदलले गेले, तर तो त्या पित्यावर अन्याय होईल. मात्र हा वाद कोणत्या न्यायालयाने चालवायचा हे आधीच ठरलेले आहे, असे हा नियम गृहीत धरतो आणि आईवडील दोन राज्यांत राहत असले की नेमके तेच ठरलेले नसते.

हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 म्हणते की, घटस्फोट देणाऱ्या न्यायालयाला मुलांविषयीचा आपला आदेश नंतरही बदलता येतो, म्हणजे हुबळी. पालक आणि पाल्य अधिनियम, 1890 चे कलम 9 म्हणते की, अज्ञान मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या न्यायालयाला अधिकार आहे, म्हणजे पुणे. दोन्ही कायदे लागू आहेत. दोघांपैकी कोणता वरचढ, हे प्रत्येक प्रकरणात वकिलांनी नव्याने झगडून ठरवायचे, आणि ‘सामान्यतः राहणे’ हा वस्तुस्थितीचाही प्रश्न असल्याने त्यावर पुरावा नोंदवण्यातच कितीतरी महिने जातात. खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला दिल्लीत वकील उभा करणे किती परवडेल, हे मी वेगळे सांगायला नको.

त्याच 1890 च्या अधिनियमाचे कलम 14 वाचून मी स्वतः थक्क झाले. एकाच मुलाच्या पालकत्वाची कार्यवाही एकापेक्षा अधिक न्यायालयांत सुरू झाली तर प्रत्येकाने ती स्थगित करावी, आणि ही न्यायालये एकाच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत नसतील तर त्यांनी आपापल्या राज्य सरकारला कळवून त्यांच्या आदेशानुसार वागावे, असे ते कलम सांगते. मुलाचे हित कोणत्या न्यायालयाने तपासायचे हे दोन सरकारांनी पत्रव्यवहार करून ठरवावे, ही कल्पना इंग्रजांच्या काळातली आहे आणि आजही ती कायद्याच्या पुस्तकात आहे.

अमेरिकेतही पन्नास राज्ये आणि पन्नास कायदे असल्याने हाच गोंधळ होता. तो आवरण्यासाठी 1980 मध्ये संघराज्याचा कायदा झाला आणि 1997 मध्ये राज्यांसाठी एकसमान कायद्याचा मसुदा तयार झाला, जो जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारला. त्यात मूल लगतचे सहा महिने ज्या राज्यात राहिले त्या राज्याला पहिला अधिकार आहे. एकदा आदेश देणाऱ्या न्यायालयाचा अधिकार पुढेही चालू राहतो, पण मूल आणि दोन्ही पालक ते राज्य सोडून गेले की तो संपतो. गेल्या पाच वर्षांत मूल कुठे कुठे राहिले आणि त्याच्याविषयी आणखी कुठे खटला आहे का, हे अर्जदाराला पहिल्याच अर्जात शपथेवर सांगावे लागते, आणि दोन राज्यांचे न्यायाधीश एकमेकांशी थेट बोलून त्याची नोंद ठेवू शकतात. हा कायदाही सर्वस्वी पुरेसा नाही. पालकाचे हक्क संपुष्टात आणण्याच्या कार्यवाहीला तो लागू होतो, पण दत्तकाची कार्यवाही त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. तरीही कोणाकडे जायचे हे तिथल्या आईला आणि वडिलांना पहिल्या दिवशी कळते. त्या नियमाप्रमाणे आमचे प्रकरण कदाचित हुबळीलाच चालले असते, कारण वडील तिथेच राहतात. तेही मी मान्य केले असते, कारण निदान एक दार तरी निश्चित झाले असते.

हुबळीच्या गृहस्थांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनाही प्रत्येक भेटीसाठी रात्रीच्या बसने पुण्याला यावे लागते, आणि मुलगी आपल्याला कायमची दुरावेल ही भीती खोटी नाही. त्यांची बाजू ऐकली गेलीच पाहिजे, पण ती एकाच ठिकाणी आणि वेळेत ऐकली जावी.

दत्तकाच्या अर्जात मुलाच्या पाच वर्षांच्या निवासाचे व सर्व खटल्यांचे शपथपत्र सक्तीचे करणे, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ते मिळताच संबंधित न्यायालयाला लेखी कळवणे, एवढ्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. ते दत्तक विनियमांत बदल करून केंद्र सरकारला करता येईल. कलम 14 मात्र संसदेलाच बदलावे लागेल, आणि महाराष्ट्राच्या, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सोलापूरसारख्या सीमेवरील जिल्ह्यांच्या खासदारांनी तो प्रश्न सभागृहात मांडावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, गडहिंग्लज