दोन दिवस आधी ये

गिरगाव, मुंबई

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, "आई, पंधरा तासांचा तर प्रश्न आहे, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचतो." फोनवर मी काही बोलले नाही, पण ते मनातून जाईना.

तुझा शाळेतला पृथ्वीचा गोल अजून कपाटावर आहे. तो काढून पुसला आणि लोकरीचा लाल धागा मुंबईवर अंगठ्याने दाबून तुझ्या न्यूयॉर्कपर्यंत ताणला. मला वाटलं होतं, अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाईल. तो वर चढला! तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, चक्क आइसलँड, मग कॅनडावरून खाली. सगळ्यात जवळची वाट हीच, साधारण १२,५०० किलोमीटर. पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा! ताशी ९०० ने भागलं तर चौदा तास होतात, तुझे पंधरा त्यातूनच आले असणार.

पण विमानाला धाग्याची वाट मिळते कुठे? २०२२ पासून अमेरिकन विमानं रशियावरून जात नाहीत, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. वळसा आलाच. इकडे येताना वरच्या पश्चिमी वाऱ्याचा रेटा पाठीशी असतो, तेवढा वेळ वाचतो. घड्याळ मात्र पुढे पळतं. सप्टेंबरात आपण साडेनऊ तास पुढे. शनिवारी रात्री नऊला निघून साडेचौदा तासांत उतरलास तरी इथे रविवारचे रात्रीचे नऊ. अख्खा दिवस गेला, आणि तू अजून सहार विमानतळावरच बॅगांची वाट बघत उभा.

गेल्या वर्षी मधल्या विमानतळावर जेमतेम तासाभराची सवड ठेवली होतीस. पहिलं विमान उशिरा आलं, पुढचं निघून गेलं. आपला गणपती दीड दिवसाचा. तू दारात आलास तेव्हा मखरात नुसता पाट होता, त्यावर चौपाटीवरून आणलेली मूठभर वाळू. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तू उंबऱ्यात उभा राहिलास. तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही रे. आजी रात्रभर विचारत होती, "आता कुठवर आला असेल?"

म्हणून यंदा दोन दिवस आधी पोच. थेट विमान महाग पडतं, ठाऊक आहे. वरचे पैसे माझ्या भिशीतून देते, नाही म्हणू नकोस. थेट मिळालंच नाही तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घे आणि मध्ये चार तास तरी ठेव. मेट्रो ३ आता विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवरून गिरगावात येते, पण रात्री उशिरा ती नसते. बाबा गाडी घेऊन येतील.

तिकीट काढलंस की निघायची आणि पोचायची वेळ कळव. आजीला ती कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहायची आहे.

तुझी,
आई