सांगणारी आई

सांगली, रविवार

चि. सौ. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल जावईबापूंचा फोन आला. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असतानाही तू रात्री उशिरापर्यंत प्रबंध लिहीत बसतेस, असे ते म्हणाले. त्यावरून बोलायचे नाही असे मी ठरवले आहे. कादंबऱ्यांतील आई हा विषय तू निवडलास याचा मला अभिमान आहे, आणि तू इथे ठेवलेली पुस्तके मी मन लावून वाचली.

‘श्यामची आई’ 1935 साली आली. तिच्यात आईची थोरवी श्याम सांगतो. 2020 मध्ये बुकरच्या लघुयादीत गेलेल्या अवनी दोशींच्या ‘बर्न्ट शुगर’मध्ये पुण्यातील अंतरा स्मृती हरवत चाललेल्या आईचा हिशोब मांडते. एकीत भक्ती आहे, दुसरीत राग. पण दोन्हीकडे बोलते ते लेकरूच. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधी’तील ऐंशी वर्षांची आई घराकडे पाठ करून पडून राहते, तेव्हा घरच्यांना कोडे पडते. मला पडले नाही.

संध्याकाळी पाय सुजतात का, ते कळव.

2005 च्या पुरात आईने पाठीवर घेऊन पाण्यातून नेले, असे तू सर्वांना सांगतेस, आणि ते खरेच आहे. परंतु बाबा मिरजेत अडकलेले, गावभागातील घर पाण्यात, आणि विश्रामबागला मावशीच्या जिन्यात मी बसले असताना तू वरून हाका मारत होतीस, तेव्हा घटकाभर मला ओ द्यावीशीच वाटली नाही. प्रेम कमी नव्हते. मला फक्त कुणाचीही कुणी नसल्यासारखे बसायचे होते. तुझ्या गोष्टीत हे येणार नाही, कारण ते तुला ठाऊकच नव्हते. म्हणून वाटते, आई स्वतः सांगते अशा कथनाला तुझ्या प्रबंधात वेगळे प्रकरण हवे.

आणि पुस्तकातील कोणतीही आई, थोर असो वा निष्ठुर, समोर ठेवून बाळाची वाट पाहू नकोस. वेळेवर झोप, रक्तदाब रोज मोजून वहीत लिही, डोके दुखले किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखान्यात जा. क्षमा कर, शिकवायला बसायचे नव्हते.

नंदूमामा शनिवारी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर पुस्तके परत पाठवते. समासात पेन्सिलीने जे लिहिले आहे ते माझे आहे. उपयोगी वाटले तर घे, मात्र बाळंतपणानंतर.

तुझी आई