रक्त घ्यायला आलेल्या ताईंना

ताई, नमस्कार.

गेल्या श्रावणात निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं आमच्या घरी तुम्ही रक्त घ्यायला आला होता. तुमची दिवसाकाठी कितीतरी घरं होत असतील, आठवेल का नाही कुणास ठाऊक.

आप्पांचा जन्म वखारीत गेला, वर चाळीस वर्षं बीडी. दोन महिने खोकला हटेना. वखारीतल्या माणसाला खोकला असायचाच, असं आम्ही धरून चाललेलो. जवळच्या डॉक्टरांनीही औषधाच्या तीन बाटल्या देऊन तेच म्हटलं. मग मी मोबाईलवर जाहिरात बघून ‘कॅन्सर प्रोफाइल’ बुक केली. दवाखान्याची पायरी टाळायची, हा खरा हेतू. लाज वाटते सांगायला.

दंडाला रबर बांधलं तरी शीर सापडेना. तुम्ही कोपराच्या खळग्यात दोन टिचक्या मारल्या अन् म्हणालात, ‘अज्जा, बीडी बिड्री!’ म्हणजे कानडीत, आजोबा, बीडी सोडा. आप्पा किती दिवसांनी हसले.

रिपोर्टात सीईए, म्हणजे काही कॅन्सरात रक्तात वाढणारं प्रथिन, नॉर्मल. पेढे आणायला निघता निघता मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘दादा, ह्या आकड्यावर विसंबू नका.’ बीडी ओढणाऱ्याचा सीईए कॅन्सर नसतानाही वाढू शकतो, अन् गाठ असूनही नॉर्मल राहू शकतो. मी हट्टानं विचारलं, मग ती नवी डीएनएवाली रक्ततपासणी? तुम्ही समजावलंत: गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात शोधायचे, पण गाठ लहान असली की तुकडेही थोडेच. म्हणजे जेव्हा सापडायला हवी, नेमकी तेव्हाच निसटते. थुंकी तपासा, टीबीही असू शकतो. पण छातीच्या डॉक्टरांना दाखवून सीटी स्कॅन कराच.

मागाहून मी वाचलं, 2011 साली अमेरिकेत लक्षणं नसलेल्या 53 हजारांवर सिगारेटवाल्यांचा अभ्यास छापून आला. कमी डोसच्या सीटीनं, एक्स-रेच्या तुलनेत, फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले होते. आप्पांना तर खोकलाच होता, त्यांची सीटी आधीच व्हायला हवी होती.

उजव्या फुफ्फुसात दोन सेंटिमीटरची गाठ निघाली. सुईनं तुकडा काढून तपासला, कॅन्सरच. पसरला नव्हता. बेळगावात ऑपरेशन झालं.

आप्पांनी शेवटचं बंडल देव्हाऱ्यामागं ठेवलंय. ओढत नाहीत, मधूनच काढून मोजतात. पंचवीसच्या पंचवीस आहेत. पुढच्या खेपेला रक्त काढायला तुम्हीच या, ही त्यांची अट. चहा ठेवलेला असेल.

तुमचा,
निपाणीचा दादा