डाय निम्मा, चित्र तितकेच स्पष्ट : सीटी विभागासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या रुग्णालयात आता दुहेरी ऊर्जेवर स्कॅन करणारे, म्हणजे ड्युअल-एनर्जी सीटी यंत्र आहे. या पद्धतीने काही तपासण्यांमध्ये शिरेतून द्यावा लागणारा आयोडिनचा डाय, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून टोचायचे द्रव, जवळपास निम्मा करता येतो, आणि तरीही रक्तवाहिन्या पूर्वीइतक्याच स्पष्ट दिसतात. डॉक्टरांची आणि टेक्निशियनची तयारी आहे. अडले आहे ते जोडीला लागणाऱ्या साधनांपाशी आणि चाचण्यांपाशी. त्यासाठी रुग्ण सहाय्य समिती तुमच्याकडे मदत मागत आहे.

पोटाच्या सीटीसाठी प्रौढ माणसाला साधारण 80 ते 120 मिलिलिटर डाय देतात. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 300 ते 370 मिलिग्रॅम आयोडिन असते. म्हणजे एका तपासणीत 30 ग्रॅमच्या आसपास आयोडिन शरीरात जाते आणि ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर 24 तासांत हे काम उरकते. त्यामुळे ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तातली चाचणी) ठीक आहे त्यांनी डायला घाबरू नये, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. डायमुळे मूत्रपिंडांना होणाऱ्या इजेचा धोका पूर्वी समजत होते त्यापेक्षा कमी असल्याचे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने सीटी करायचा असेल तर डाय नाकारूही नये.

आमची काळजी आहे ती ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा, 30 च्या खाली गेलेल्या आणि अजून डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांची. महाधमनी फुगली आहे का, पायाची रक्तवाहिनी कुठे बंद झाली आहे, हे पाहायला त्यांना डाय लागतोच. आणि नेमके त्यांच्याच बाबतीत डॉक्टरांचा हात आखडतो. मग एकतर प्लेन, म्हणजे डाय न देता केलेल्या सीटीवर भागवावे लागते, ज्यात रक्तवाहिनीची आतली पोकळी नीट कळत नाही, किंवा पूर्ण डाय देऊन पुढचे काही दिवस क्रिएटिनिनवर डोळा ठेवावा लागतो. या दोन्हींच्या मधली वाट आता यंत्रात आहे, आणि ती वापरात आणली नाही तर त्याचा दोष आपल्या सगळ्यांकडे येईल.

कमी डायमध्ये चित्र कसे टिकते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पैसे नेमके कशाला हवेत ते त्यातूनच कळते. आपले यंत्र स्कॅन करताना क्ष-किरणांची नळी 80 आणि 140 किलोव्होल्ट यांच्यात अतिशय झपाट्याने आलटूनपालटून चालवते. एकाच भागाची दोन ऊर्जांवरची मापे हाती आली, की संगणक त्यांतून कोणत्याही एका ऊर्जेवरचे चित्र तयार करू शकतो. ही ऊर्जा केईव्हीमध्ये, म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात. 70 केईव्हीचे चित्र नेहमीच्या 120 किलोव्होल्टच्या सीटीच्या जवळ जाते. आयोडिनचा स्वभाव असा, की ऊर्जा 33.2 केईव्हीच्या दिशेने खाली येत जाते तसतसे ते क्ष-किरण जास्त शोषते आणि चित्रात अधिक उजळ दिसते. मऊ ऊतींमध्ये एवढा फरक पडत नाही. 50 केईव्हीला आयोडिनची उजळी 70 च्या मानाने सुमारे दुप्पट होते, 40 ला त्याहूनही वाढते. म्हणून निम्मे आयोडिन देऊनही रक्तवाहिनी तेवढीच उठून दिसते. दोन ऊर्जांवर मोजण्याची कल्पना सीटीच्या जन्माइतकीच जुनी आहे. सीटीचे जनक गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी 1973 मध्येच ती मांडली होती. दवाखान्यांतल्या रोजच्या वापरापर्यंत ती यायला मात्र 2006 नंतरची यंत्रे यावी लागली.

पण याची किंमतही आहे. ऊर्जा खाली आणली की चित्रातला दाणेदारपणा, ज्याला रेडिओलॉजिस्ट नॉइज म्हणतात, तोही वाढतो. तो कमी करणारी गणिते सॉफ्टवेअरमध्ये आहेत, तरी रुग्ण खूप स्थूल असेल तर ती कमी पडू शकतात. कॅल्शियमही कमी ऊर्जेला उजळते, त्यामुळे चुनखडी जमलेल्या अरुंद वाहिनीत गफलत होऊ शकते. आणि आयोडिनचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये मोजून गाठीबद्दल मत द्यायचे असेल, तर निम्म्या डायनंतर तो आकडाही खाली येणार. तो महाधमनीतल्या आकड्याशी ताडूनच वाचावा लागतो. म्हणूनच समितीचा आणि डॉक्टरांचा आग्रह आहे, की आधी खात्री आणि मगच कपात. डाय वाचला पण निदान हुकले, तर रुग्णाला पुन्हा डाय, पुन्हा क्ष-किरण आणि वाया गेलेले दिवस भोगावे लागतील. तसे आम्हाला होऊ द्यायचे नाही.

देणगीतून सर्वांत आधी फँटम घ्यायचा आहे. फँटम म्हणजे शरीराच्या आकाराचे एक प्लास्टिकचा ठोकळा, ज्यात ठाऊक असलेल्या प्रमाणातल्या आयोडिनच्या कांड्या बसवता येतात. यंत्र आयोडिन बरोबर मोजते का, आणि किती कमी आयोडिनपर्यंत चित्र भरवशाचे राहते, हे कोणत्याही माणसाला सुई न टोचता त्यावर तपासता येते. ही पायरी आम्ही गाळणार नाही.

त्यानंतर दोन डोक्यांचा इंजेक्टर. आपला सध्याचा इंजेक्टर एकाच सिरिंजचा आहे. नुसता कमी डाय सोडला तर त्याची लाट आखूड होते आणि स्कॅन सुरू होईपर्यंत ती पुढे निघून जाण्याची भीती असते. दोन डोक्यांच्या इंजेक्टरमध्ये एका बाजूला डाय आणि दुसऱ्या बाजूला सलाइन भरून दोन्ही एकाच वेळी मिसळून सोडता येतात. द्रवाचे माप आणि वेग तोच राहतो, आयोडिन तेवढे कमी होते. मागून नुसते सलाइन सोडले की हाताच्या शिरेत अडकून राहणारा डायही कामी येतो. सगळ्यात जास्त खर्च याच वस्तूचा आहे. उरलेली रक्कम टेक्निशियनच्या प्रशिक्षणासाठी लागेल.

रुग्णांवर सुरुवात नैतिकता समितीच्या परवानगीनंतरच, आणि ज्यांना तपासणी तशीही करायचीच आहे अशांची लेखी संमती घेऊन होईल. पहिल्यांदा महाधमनी आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचे सीटी, कारण तिथे आयोडिनची बचत सर्वांत जास्त आणि सर्वांत सुरक्षित. यकृतातल्या बारीक गाठींचे स्कॅन सर्वांत शेवटी. चित्रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टना कोणाला किती डाय दिला ते सांगितले जाणार नाही, म्हणजे मत निखळ राहील.

आणखी एक कारण. एप्रिल 2022 मध्ये शांघायमधला डाय बनवणारा एक मोठा कारखाना कोविडच्या टाळेबंदीत थांबला, आणि अनेक देशांतल्या रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. जगाचे बहुतेक आयोडिन चिली आणि जपान या दोनच देशांतून येते. कमी डायमध्ये काम करण्याची सवय असलेला विभाग अशा वेळी रुग्णाला परत पाठवत नाही.

डाय किंवा सीटी यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून या कामासाठी देणगी घ्यायची नाही, असे समितीने ठरवले आहे. निष्कर्षांवर कोणाची सावली नको. मदत लहान असली तरी चालेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब समितीच्या फलकावर लागेल. फँटमपुरती रक्कम जमली की तो लगेच मागवू, इंजेक्टरसाठी थांबणार नाही.

पैशांखेरीज माणसेही हवी आहेत. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या किंवा शिकवून निवृत्त झालेल्या मंडळींनी फँटमच्या नोंदी ठेवायला यावे. संमतिपत्र साध्या भाषेत लिहून देणारे कोणी असतील तर त्यांचीही गरज आहे. सीटीच्या दिवशी रुग्णाचे वजन आणि उंची अचूक नोंदवायला स्वयंसेवक लागतील, कारण डायचे माप वजनावर ठरते आणि अंदाजाने सांगितलेले वजन या कामात चालत नाही.

ज्यांना येत्या काळात डाय टाकून सीटी करायचा आहे, त्यांनी ताजा क्रिएटिनिनचा अहवाल, चालू औषधांची यादी, विशेषतः मधुमेहावरचे मेटफॉर्मिन घेत असल्यास त्याची नोंद, आणि पूर्वी डायची ॲलर्जी झाली असल्यास तो कागद सोबत आणावा. देणगी आणि स्वयंसेवकांची नावे सीटी विभागाशेजारच्या समितीच्या खोलीत घेतली जातील.

आपली,
रुग्ण सहाय्य समिती