तक्रार: मुलाचा चिघळलेला पाय तुमच्या फार्मासिस्टने काउंटरमागूनच बघितला

ग्राहक तक्रार विभागासाठी,

आत्ता तुमच्या हेल्पलाइनवर सव्वीस मिनिटं होते. हा तिसरा फोन. इंग्रजीत दोन ईमेल आधीच पाठवलेत, दोन्हीला तेच आपोआप येणारं उत्तर आलं. आणि आज फोनवरच्या बाईंनी, मी सगळं नीट इंग्रजीत सांगत असताना, मध्येच विचारलं की तुम्हाला इंटरप्रिटर हवाय का. मी या देशात 11 वर्षं राहते, इथल्याच शाळेत नोकरी करते. बरं, तर आता हे पत्र मराठीत लिहितेय, इंटरप्रिटर तुम्ही शोधा.

फार्मसी फर्स्ट म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या रेडिंगच्या औषधांच्या दुकानाच्या काचेवर त्याचं दारापेक्षा मोठं पोस्टर आहे. 31 जानेवारी 2024 पासून इंग्लंडमध्ये सात आजारांसाठी जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, न जाता थेट फार्मासिस्टकडे जाता येतं, त्यात कीटक चावून झालेलं इन्फेक्शन आहे, आणि ते एक वर्षाच्या वरच्या सगळ्यांना लागू आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. अपॉइंटमेंट लागत नाही, जीपीचं रेफरल म्हणजे चिठ्ठी लागत नाही. हे सगळं मी वाचून आले होते म्हणून तर आले.

बुधवारी संध्याकाळी थेम्सच्या काठाने चालत असताना त्याच्या पोटरीला हॉर्सफ्लाय, म्हणजे ती मोठी चावरी माशी, चावली. गुरुवारी सूज आणि खाज, मी काही केलं नाही, कारण मला माहितीय की पहिल्या एकदोन दिवसांतली सूज ही बहुतेक वेळा अंगाची रिअ‍ॅक्शन असते, इन्फेक्शन नसतं, आणि त्याला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. मी उठसूट औषध मागणारी आई नाही. पण शुक्रवारी रात्री पोटरी टम्म सुजली, हात लावला तर कढत, आणि मुलगा झोपेत पाय आखडून घेत होता. तेव्हा मी सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ काढली, किती पसरतंय ते कळावं म्हणून. शनिवारी सकाळी सूज रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती आणि चावलेल्या जागी पिवळा पू होता.

शनिवारी आमचा जीपी बंद असतो. साडेअकराला तुमच्या दुकानात आलो. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की जीपीचं रेफरल आणा. मी म्हटलं, लागत नाही. तर म्हणे फार्मासिस्ट जेवायला गेलेत. मुलाला त्या ब्लड प्रेशर मशीनच्या खुर्चीवर बसवून आम्ही 40 मिनिटं थांबलो, तो एकदाही रडला नाही, फक्त पाय खाली टेकवत नव्हता.

मग फार्मासिस्ट आले. आणि हे मी सविस्तर लिहिणारच आहे कारण तीन फोनमध्ये मला हे एकदाही शेवटपर्यंत बोलू दिलेलं नाही. ते काउंटरच्या बाहेर आलेच नाहीत. तिथूनच, मध्ये खोकल्याच्या औषधांचा स्टँड, त्याच्या वरून वाकून म्हणाले, "मला काही लाल दिसत नाही." मी म्हटलं, जवळ येऊन बघा. ते म्हणाले, "इन्फेक्शन असतं तर लाल दिसलं असतं." मी म्हटलं, अहो आमची कातडी तपकिरी आहे, आमच्याकडे लाल नाही दिसत, जांभळट काळपट दिसतं, ते बघा ना. पेनाची रेघ दाखवली, ही काल रात्री नऊची, आणि आता इथपर्यंत आलंय. तर त्यांनी विचारलं, "ही रेघ कोणी काढली?" मी म्हटलं, मी. "तुम्ही नर्स आहात का?" नाही. "मग." एवढंच. मग!! रांगेत माझ्या मागे चार माणसं, सगळी ऐकतायत, माझा मुलगा ऐकतोय. मी शेवटी म्हटलं की किमान हात तर लावून बघा, चटका बसेल इतकं गरम आहे, तर ते म्हणाले ही अ‍ॅलर्जी आहे, सिरप द्या, आणि वळून आत गेले. साडेचार पाउंडांचं सिरप मी घेतलं पण, कारण त्या क्षणी मला वाटलं की मीच चुकत असेन. याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

तुमच्या दुकानात कन्सल्टेशन रूम, म्हणजे पेशंटला तपासायची खोली, आहे. दार उघडं होतं, आत खोके रचलेले होते.

संध्याकाळी सातला मुलाला थंडी वाजून ताप भरला. 111 ला, म्हणजे एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) हेल्पलाइनला फोन, मग अर्जंट ट्रीटमेंट सेंटर, तिथे पाच तास. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय मांडीवर घेतला, हाताच्या पाठीने गरमपणा बघितला, माझी रेघ बघितली, आणि नवीन कडेने दुसरी रेघ स्वतः काढली. मला कुणी विचारलं नाही की मी नर्स आहे का. फ्लुक्लोक्सासिलिन या अँटिबायोटिकचं पातळ औषध दिलं, दिवसातून चार वेळा, रिकाम्या पोटी. ते इतकं कडू की प्रत्येक वेळी मुलगा तोंड घट्ट मिटून बसायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून घड्याळ बघायचे. हेच औषध फार्मसी फर्स्टमध्ये तुमचा फार्मासिस्ट देऊ शकला असता, सोळा वर्षांखालच्या मुलाला फुकट, शनिवारी दुपारी, ताप यायच्या आधी. किंवा नीट बघून नाही म्हणाला असता, कशामुळे 111 ला फोन करायचा ते समजावलं असतं, तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. नकाराबद्दल तक्रार नाहीये माझी. न बघता दिलेल्या नकाराबद्दल आहे.

आणि आता आजचा फोन. तुमच्या बाई म्हणाल्या की सिस्टिममध्ये आमच्या कन्सल्टेशनची नोंदच नाही, आणि नोंद नाही म्हणजे कन्सल्टेशन झालेलं नाही, म्हणून तक्रार घेता येत नाही. बरोबर आहे, झालंच नाही, तीच तर तक्रार आहे! हे मी चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्या म्हणाल्या, नोंद दिसत नाही.

रेडिंगला, स्लाउला, हॅरोला तुमच्या दुकानांत रोज किती तपकिरी आणि काळी माणसं येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. एनएचएसच्या वेबसाइटवर सेल्युलायटिसच्या (त्वचेच्या खोल इन्फेक्शनच्या) पानावर साधं लिहिलंय की अशा त्वचेवर लालपणा कमी दिसतो. मग गरम आहे का, दुखतंय का, पसरतंय का, पू आहे का, हे बघायचं असतं, आणि त्यासाठी जवळ यावं लागतं.

मला पाहिजे ते असं. त्या दिवशी काय झालं याचं लेखी उत्तर, त्या फार्मासिस्टच्या नावाने, हेड ऑफिसच्या नाही. तपकिरी त्वचेवर इन्फेक्शन कसं दिसतं हे तुमच्या लोकांना तुम्ही शिकवता का, याचं हो किंवा नाही. आणि ती खोली रिकामी करा, नाहीतर काचेवरचं पोस्टर काढा. एनएचएसच्या तक्रारीची पोच तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते, ती नाही आली तर मी इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (आमच्या भागातल्या एनएचएस सेवा बघणाऱ्या मंडळाकडे) आणि जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे (फार्मासिस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) जाणार. घरातल्या चौघांच्या प्रिस्क्रिप्शनचं नॉमिनेशन, म्हणजे औषधं कुठल्या दुकानातून घ्यायची ते, मी आजच बदललंय. कित्येक वर्षं तुमच्याकडे होतं. दोन्ही बाळंतपणांतल्या लोहाच्या गोळ्या मी तुमच्या त्याच काउंटरवरून नेल्या आहेत.

सिरपची पावती जोडलीय. दोन फोटो जोडलेत, एक शुक्रवारी रात्रीचा आणि एक शनिवारी दुपारी तुमच्या दुकानाबाहेर काढलेला. पेनाची रेघ दोन्हींत तीच आहे.