लंडनमधल्या क्यू ब्रिजच्या वाफेच्या इंजिनांच्या संग्रहालयातल्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण आभार मला मराठीतच नीट मानता येतात. लंडनमधला माझा भाऊ ते तुम्हाला वाचून दाखवेल.

बाबा लालबागच्या एका गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. 1982 च्या संपात नोकरी गेली. पुढे गिरणीची यंत्रं विकायला काढली, तेव्हा इंजिनघरातलं जुनं वाफेचं इंजिन तरी ठेवा म्हणून बाबा आणि त्यांचे सोबती अर्ज घेऊन दारोदार फिरले. "भंगार आहे ते, वजनावर जाईल," एवढंच ऐकायला मिळालं. त्याचं चाक गॅसकटरने कापलं त्या दिवशी बाबा गेटाबाहेर उभे होते. घरी आले, पण जेवले नाहीत. पुन्हा कधी इंजिनाचं नाव काढलं नाही.

म्हणून त्यांना तुमच्याकडे आणताना माझ्या पोटात गोळा आला होता. तुमचं ते 1846 चं कॉर्निश इंजिन, म्हणजे कॉर्नवॉलच्या धाटणीचं, वाफेवर पाण्याचा पंप चालवणारं! सिलिंडर नव्वद इंची, म्हणजे साडेसात फूट रुंद. एका ठोक्याला 472 गॅलन, दोन हजार लिटरच्या वर पाणी. वाफ पाणी ढकलत नाही, ती पंपाकडचं वजन उचलते आणि ते वजन खाली येताना पाणी रेटतं, हे पाटी वाचूनही माझ्या डोक्यात शिरेना. बाबांनी दोन्ही हातांचा तराजू करून दाखवला. इतक्या वर्षांनी ते इंजिनाबद्दल बोलत होते!

इंजिन बंद होतं, तुम्ही पितळ पुसत होतात. बाबांचा हात आपसूक पुढे गेला आणि मी तो मागे ओढला. आपल्याकडच्या एका संग्रहालयात असाच हात पुढे केला म्हणून रखवालदार त्यांच्यावर खेकसला होता. तुम्ही त्यांच्या बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग पाहिलेत. हातातलं फडकं टर्रकन फाडलंत आणि अर्धं त्यांना दिलंत.

मग दहा मिनिटं दोघं शेजारीशेजारी पुसत राहिलात, एक शब्दही न बोलता. बाबा फडक्याची घडी मोडून कोरी बाजू वर घेत होते, तुम्हीही अगदी तसंच.

1944 मध्ये ही इंजिनं थांबली, तेव्हा लंडनला पाणी पुरवणाऱ्या तुमच्या पाणीमंडळाने ती भंगारात घातली नाहीत. 1975 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि तुमच्यासारखी माणसं बिनपगारी येऊन त्यांना तेलपाणी करतात. अशी चार माणसं आमच्या गिरणीच्या वाट्याला यायला हवी होती, काका. बाबांना अनोळखी माणसाकडून इतका मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

काल बाबा म्हणाले, "त्यांचं फडकं धागे सोडतं. पुढच्या वेळी आपण इथून चांगलं कॉटन वेस्ट नेऊ." पिशवी भरून ठेवलीय त्यांनी. पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या दिवशी असता तुम्ही, तेवढं भावाला सांगा.

तुमची,
एका फायरमनची मुलगी