पथदिव्यांची तोंडं जमिनीकडे करा

संपादक महोदय,

मी माण तालुक्यात लाइट फिटिंगची कामं करतो आणि अमावास्येच्या मागेपुढे आठ इंची दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढतो. तक्रार पथदिव्यांची आहे, पण ती कळायला आधी पाच दीर्घिकांबद्दल (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) सांगावं लागेल.

‘स्टीफन्स क्विन्टेट’ हा दीर्घिकांचा घोळका फ्रान्समधल्या मार्से इथून १८७७ मध्ये सापडला. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेला त्याचा फोटो जुलै २०२२ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊला तो जवळजवळ डोक्यावर, जरासा उत्तरेला येतो. (लक्ष्मीपूजनाची अमावास्या त्यासाठी सोयीची, पण त्या रात्रीच्या धुराला इलाज नाही.) चंद्राच्या रुंदीच्या साधारण आठव्या भागात सगळा घोळका मावतो, माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेमतेम एक मिलिमीटर. तीन-तीन मिनिटांचे फोटो काढत राहायचं आणि मग ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या पाच जणी दिसू लागतात.

दिसतात पाच, पण एकत्र आहेत चारच. त्या चौघी सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षं लांब आहेत. पाचवी, एनजीसी ७३२०, फक्त ४ कोटींच्या आसपास. आपल्या नजरेच्या रेषेत आली म्हणून त्यांच्यात दिसते. साध्या कॅमेऱ्यातही ती रंगावरून वेगळी ओळखू येते. बाकीच्या पिवळट, ही तरुण ताऱ्यांमुळे निळसर.

नेमका हा निळाच आता हातचा जातोय. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश ठरावीक पिवळा असायचा, फिल्टरने बराचसा अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीत निळ्यापासून लालपर्यंत सगळं असतं, त्यामुळे दिव्याचा उजेड अडवायला गेलं की दीर्घिकेचाही अडतो. शिवाय निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो.

एलईडी नकोत असं मी म्हणत नाही. वीज वाचते, आणि माझं पोटही त्यांच्यावरच आहे. पण ‘उजेड लांब पडतो’ म्हणून ब्रॅकेट वर उचलून दिवे बसवायला सांगतात, ते चूक आहे. तो उजेड रस्त्यावर पडत नाही. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जातो, उरलेला आभाळात. फिटिंग जमिनीला समांतर करायला शिडी आणि पाना पुरतो. वीज तेवढीच लागते, रस्ता उलट जास्त उजळतो.

आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा (रात्रीचं काळोखं आभाळ जपणारी जागा) दर्जा मिळाला, भारतात पहिला. तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. त्यासाठी कोणाला अंधारात राहावं लागलं नाही.

ग्रामपंचायती आणि नगरपंचायतींनी पुढच्या निविदेत दोनच अटी घालाव्यात: फिटिंग आडवं, वर न उचललेलं, आणि दिवा ३००० केल्विनचा किंवा त्याहून पिवळा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). पिवळसर दिवे बाजारात सहज मिळतात.

– एक वायरमन, दहिवडी (जि. सातारा)